आवडली नाहीं, असें म्हणण्याचें धैर्य

कादंबरी वाचून संपली म्हणजे ती कशी वाटली हें सांगणें अगदीं सोपें आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. आमचा अनुभव उलट आहे. आपल्या भरल्या घरांतून "चांगली आहे" हे दोन शब्द जितक्या लवकर ओठांवर येतात, तितकें दुसरें कांहीं येत नाहीं. आणि त्यांच्या आड खरें मत बहुधा तसेंच राहून जातें.

नवी मुंबईंत नेरुळजवळ सारसोळे येथें आमचें एकत्र कुटुंब राहतें. गेलीं दोन वर्षें महिन्याच्या शेवटच्या रविवारीं सायंकाळीं घरांतील मंडळी व शेजारचीं चार-सहा माणसें आमच्याकडे जमतात. नुकत्याच वाचून संपविलेल्या एका कादंबरीविषयीं प्रत्येकानें बोलावें, एवढाच कार्यक्रम. पोहे व चहा यांखेरीज दुसरा खर्च नाहीं. नियम मात्र तीन आहेत. सर्वांत लहान माणसानें आधीं बोलावयाचें व वडील माणसानें शेवटीं; कारण वडिलांचें मत एकदां कानीं पडलें कीं, आपलेंही मत तेंच होतें असें धाकट्यांस वाटूं लागतें. दुसरा नियम असा कीं, कादंबरी अर्ध्यावर टाकली असेल तर ती कोणत्या पानावर व कां टाकली हें लाज न बाळगतां सांगावें. तिसरा, मत द्यावयाचें तें पुस्तकाविषयीं; लेखकाच्या किंवा बोलणाऱ्याच्या चालचलणुकीविषयीं नव्हे.

हा तिसरा नियम आम्हीं उगाच घातलेला नाहीं. १९३३ सालीं विभावरी शिरूरकर या टोपणनांवानें 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह व पुढच्याच वर्षीं 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. शिकलेल्या परंतु अविवाहित राहिलेल्या मुलींची कुचंबणा आणि पतीपासून दुरावलेल्या स्त्रीची प्रीतीची व मातृत्वाची ओढ हे त्यांतील विषय. सुशिक्षित महाराष्ट्रांत केवढा गहजब उडाला! परंतु पुस्तकांत लिहिलें आहे तें खरें कीं खोटें, यापेक्षां तें लिहिणारी व्यक्ति कोण, याचाच शोध अधिक झाला. ती व्यक्ति म्हणजे पूर्वाश्रमीच्या बाळूताई खरे, पुढें मालतीबाई बेडेकर. वाचकांचीं मतें त्या वेळीं कमी मोकळीं होतीं असें नाहीं. तीं पुस्तकावरून घसरून माणसावर जाऊन पडलीं, एवढेंच.

आरंभींचे कित्येक महिने आमच्या बैठकींतही गोड बोलण्यापलीकडे कांहीं घडलें नाहीं. थोरल्या बंधूंची सून तर दर वेळीं "छान आहे" एवढेंच म्हणून चहा आणावयास उठे. पुढें एकदां वामन मल्हार जोशी यांच्या 'इंदु काळे व सरला भोळे' या १९३४ सालच्या कादंबरीचा विषय निघाला. ती सबंध कादंबरी पत्रांतून सांगितलेली आहे. तेव्हां कोणीसें म्हणालें, "माणूस तोंडावर बोलत नाहीं तें पत्रांत लिहितो." त्या दिवसापासून ज्यास बोलण्याचा संकोच वाटेल त्यानें लिहून आणावें, अशी मुभा आम्हीं दिली.

पुढच्याच महिन्यांत सुनेनें दोन पानें लिहून आणलीं, आणि तीं स्वतःच वाचून दाखविलीं. पुस्तक होतें 'ययाति'. वि. स. खांडेकरांची ही कादंबरी १९५९ सालची. १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळून मराठीस तो मान प्रथम लाभला तो त्यांच्यामुळें. आमच्या बंधूंची ती कॉलेजांतल्या दिवसांपासूनची आवडती कादंबरी. त्यांची प्रत दोनदां बांधून घेतलेली आहे. सुनेनें लिहिलें होतें, "या कथेंत ययाति, शर्मिष्ठा आणि देवयानी तिघेंही आपापली हकीगत सांगतात. परंतु देवयानीला बोलूं दिलें आहे, तिचें ऐकून घेतलेलें नाहीं. जिची फसवणूक झाली तिच्या अहंकाराचाच हिशेब मांडला आहे, आणि ज्यानें फसविलें त्याच्या पश्चात्तापास मात्र हवी तेवढी जागा आहे. मला ही कादंबरी आवडली नाहीं."

बैठकींत कोणी चकार शब्द काढला नाहीं. बंधूंनीं आपली पाळी आली असतां "आज राहूं द्या" म्हटलें. पुढचे आठ दिवस ते जेवतांना मोजकेंच बोलत. वहिनींनीं तर हें खूळ काढल्याबद्दल आम्हांसच दोष दिला. सुनेचाही चेहरा उतरलेला होता. बैठक बंद करावी कीं काय, असें आमच्याही मनांत येऊन गेलें.

पुढच्या रविवारीं बंधु शेवटीं बोलावयास उठले. त्यांनीं महिनाभरांत केवळ देवयानीचे भाग पुन्हा वाचून काढले होते. ते म्हणाले, "कादंबरी मला अजूनही थोरच वाटते. पण पन्नासांवर वर्षें मी ती ययातीच्या बाजूनें वाचीत आलों, हें मला ठाऊक नव्हतें. सूनबाई, तूं बोलली नसतीस तर तें तसेंच राहिलें असतें."

त्या दिवसापासून बैठकीचा रंग पालटला. शेजारच्या कोळीवाड्यांतील एक पदवीधर मुलगी येते. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'विषयीं (१९६३) ती म्हणाली, "पांडुरंग सांगवीकर पुण्याला हरला तरी आपल्या गांवीं परत जाऊं शकला. आमचा गांव जागच्या जागीं राहिला आणि भोंवतालचें सारें बदललें. मी कुठें परत जाऊं?" १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि येथील भातशेतें व मिठागरें यांच्या जागीं नवें शहर उभें राहिलें, हें आम्ही सर्वच जाणतों. परंतु त्या शहरांत सुखानें राहणाऱ्या आम्हां मंडळींना 'कोसला' वाचतांना हा प्रश्न कधीं सुचला नव्हता.

गेल्या महिन्यांत आमच्या काकू बोलल्या. त्यांचें वय नव्वदीच्या घरांत आहे. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' त्या वाचीत होत्या. १८९० पासून 'करमणूक' पत्रांतून क्रमशः आलेली ही कथा यमू स्वतःच्या तोंडानें सांगते. पतिनिधनानंतर तिचें बळेंच केशवपन होतें, तेथवर येऊन काकूंनीं पुस्तक मिटलें. "पुढें वाचवलें नाहीं," त्या म्हणाल्या. "माझ्या वडिलांची आत्या आलवणांत असे. न्हावी परसदारीं येई, आणि आम्हां मुलांना तिकडे फिरकूं देत नसत. तिला काय वाटतें हें आमच्या घरांत कोणीं कधीं विचारलें नाहीं. मींही नाहीं. यमूला निदान लिहितां तरी येत होतें." ही गोष्ट काकूंच्या मुलांनींही त्या दिवशीं प्रथमच ऐकली. कादंबरी चांगली कीं वाईट, हें मग कोणीं विचारलें नाहीं.

आमच्या वाचकांस सांगावयाचें तें एवढेंच. कादंबरीविषयींचें खरें मत हें पुष्कळदां घरांत दुसऱ्या कोणत्याही निमित्तानें न बोलतां येणारें मत असतें. तें ऐकून चार दिवस घरांत अबोला राहिला तरी राहूं द्यावा, धाकट्यांस आधीं बोलूं द्यावें, आणि "कां?" असा प्रश्न केल्यावर उत्तर पुरें होईपर्यंत मध्यें बोलूं नये. याहून अधिक विद्वत्तेची गरज आम्हांस तरी आढळली नाहीं.

येत्या रविवारीं यमूचीं उरलेलीं पानें सुनेकडून वाचून घ्यावयाचें काकूंनीं ठरविलें आहे. बंधूही जवळ बसणार आहेत.