तांब्याची काळी पूड

तांब्याचा पत्रा हवेत लालभडक तापवला की त्यावर काळी खपली धरते. तिचा वरचा थर म्हणजे क्युप्रिक ऑक्साइड: तांब्याचा एक अणू, ऑक्सिजनचा एक. पाण्यात तो विरघळत नाही. आम्लात मात्र विरघळतो. सौम्य गंधकाम्लात या ऑक्साइडची काळी पूड टाकून गरम करा, काळेपणा जाऊन मोरचुदाचे सुंदर निळे द्रावण तयार होते.

तिचा खरा गुण ऑक्सिजन देऊन टाकण्याचा. तापलेल्या पुडीवरून हायड्रोजन सोडला, की तो ऑक्सिजन ओढून घेतो. वाफ बाहेर पडते, मागे लालसर तांबे उरते. जर्मनीतल्या गीसेन इथे युस्टुस लीबिग यांनी हाच गुण वापरला. सेंद्रिय पदार्थ या पुडीबरोबर जाळायचा. त्यातल्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो, हायड्रोजनचे पाणी. दोन्ही शोषून वजन केले की पदार्थात काय किती, ते कळते. 1831 मध्ये त्यांनी ही पद्धत इतकी सोपी केली, की विद्यार्थीही अचूक विश्लेषण करू लागले. रसायनशास्त्राच्या इतिहासातली ही मला फार मोठी घटना वाटते.

कुंभारकामात हीच पूड झिलईला हिरवा-निळा रंग देते. भट्टीत ऑक्सिजन कमी ठेवला तर गडद लाल. अशा झिलईतून तांबे पाझरू शकते, म्हणून त्या भांड्यात लोणचे किंवा चिंचेचे सार ठेवू नये.

1987 मध्ये इट्रियम, बेरियम आणि हीच पूड यांपासून केलेला अतिवाहक द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानालाही विनारोध वीज वाहू लागला.