मोठ्या लेथवरचा छोटा चक

रायपूरचं लोखंडाशी नातं टनांच्या हिशेबातलं आहे. तीसेक किलोमीटरवर भिलाई. सोव्हिएत मदतीने पोलाद कारखाना उभारायचा करार १९५५ मध्ये झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तिथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. पुढे उरला आणि सिलतरा इथे रोलिंग मिल आणि स्पंज आयर्नचे कारखाने दाटीने उभे राहिले. मिलचे झिजलेले रोल पुन्हा कापायला अजस्र लेथ लागतात. रेल्वेच्या वॅगन रिपेअर शॉपमध्ये तर डब्याची चाकंच लेथवर चढतात.

पण याच शहराभोवती भाताचं कोठार आहे. भातगिरण्या आहेत, शेतातले पंप आहेत. त्यांच्या दुरुस्तीत बोटाएवढ्या वस्तू लागतात: सहा मिलिमीटरची पिन, पितळेचा बुश, छोट्या मोटरचा शाफ्ट. जॉबवर्क करणाऱ्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक मापाच्या कामाला वेगळी मशीन नसते. ज्या लेथवर सकाळी गिरणीचा जाड शाफ्ट चढतो, त्याच लेथवर दुपारी पिन करायची असते. अशा वेळी मोठा चक, म्हणजे जॉब जबड्यांत (जॉमध्ये) पकडून फिरवणारा लेथचा भाग, उतरवून छोटा चढवावा लागतो.

मोठ्याच चकमध्ये पिन का धरत नाहीत? बाजारात सर्रास मिळणारा २०० मिलिमीटरचा तीन जॉचा चक साधारण ४ मिलिमीटरपासून पुढचा जॉब धरतो. १०० मिलिमीटरचा चक २ ते ३० मिलिमीटरचा. खरी अडचण मात्र वेगाची आहे. हायस्पीड स्टीलच्या टूलने साधं पोलाद कापताना जॉबचा पृष्ठभाग मिनिटाला २५ मीटरच्या आसपास सरकावा लागतो. शंभर मिलिमीटरच्या शाफ्टला त्यासाठी मिनिटाला ८० फेरे पुरतात. सहा मिलिमीटरच्या पिनेला १३००, तीन मिलिमीटरच्या पिनेला २६००. एवढ्या वेगात चकचे जॉ केंद्रापासून बाहेर फेकले जाऊ पाहतात आणि पकड सैलावते. हा जोर त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो, वेगाच्या तर वर्गाच्या प्रमाणात. त्यात मोठ्या चकचं वजन पंधरा किलोच्या घरात, छोट्याचं तीनेक किलो. शिवाय छोट्या चकजवळ टूल आणि टर्नरचा हात दोन्ही निर्धोकपणे पोचतात.

आपोआप मध्य साधणाऱ्या चकच्या पोटात एक तबकडी असते, तिच्यावर सर्पिल आटे. चावी फिरवली की तबकडी फिरते आणि तिन्ही जॉ एकदम पुढे-मागे होतात. अमेरिकेत सायमन फेअरमनने १८३० मध्ये लेथच्या चकचं पेटंट घेतलं, तिथून ही वंशावळ सुरू होते. मराठी वाचकाला लेथ म्हटलं की किर्लोस्कर आठवतात. १९१० मध्ये लक्ष्मणरावांनी किर्लोस्करवाडी वसवली आणि १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर उभी राहिली. तिथले लेथ देशभरच्या वर्कशॉपमध्ये गेले. १९५३ मध्ये बंगळुरूला एचएमटी आली. पंजाबातलं बटाला आणि गुजरातेतलं राजकोटही लेथ पुरवत राहिलं. परिणाम असा की एकाच गल्लीतल्या दोन लेथच्या स्पिंडलची, म्हणजे चक फिरवणाऱ्या दांड्याची, तोंडं सारखी असतील याची खात्री नाही. कुणावर बाहेरून आटे, कुणाला लांब टेपर, कुणाला पिना कॅमने आवळणारं कॅमलॉक.

म्हणून चक आणि स्पिंडल यांच्यामध्ये एक मध्यस्थ येतो, बॅक प्लेट. ही बिडाची जाड चकती. मागून ती स्पिंडलवर बसते, पुढून तिच्यावर चक बसतो. दुकानात चक मिळतो, बॅक प्लेटचं ओतीव कच्चं रूपही मिळतं. पण पुरी झालेली, तुमच्या मशीनवर बिनचूक फिरणारी प्लेट कुठेही विकत मिळत नाही. ती त्याच मशीनवर जन्माला यावी लागते.

आट्यांचं स्पिंडल असेल तर पहिलाच पेच अवघड. प्लेटला आतून आटे पाडायचे, तर ती मोठ्या चकमध्ये धरावी लागते आणि तो चक स्पिंडलचं तोंड अडवून बसलेला असतो. मग आटे जमले की नाही ते बघायचं कशावर? जाणता टर्नर आधी एका गोल तुकड्यावर स्पिंडलच्या तोंडाची हुबेहूब नक्कल करतो: तेच आटे, आट्यांमागचा तोच साधा गोल भाग, तोच खांदा. मग प्लेट चकमध्येच ठेवून ही नक्कल तिच्यात फिरवून पाहतो. आट्यांचं काम फक्त प्लेट ओढून घट्ट बसवण्याचं आहे. मध्य साधतात तो साधा गोल भाग आणि खांदा. सगळं लक्ष आट्यांवर देऊन हा भाग सैल ठेवला, तर दरवेळी प्लेट नव्या जागी बसते. कॅमलॉकचं काम त्यामानाने सोपं. मागचा टेपर तयार असलेली प्लेट मिळते. पिना बसवायच्या आणि कॅम घट्ट करताना खूण दोन व्ही-खुणांच्या मध्ये येते का ते बघायचं.

प्लेट स्पिंडलवर चढली की खरं काम सुरू होतं. तिचं तोंड फेसिंग करून सपाट करायचं, मग चकच्या पाठीतल्या खोलगट वर्तुळात बसेल अशी पायरी टर्न करायची. सर्रास मिळणाऱ्या १०० मिलिमीटरच्या चकला ती ७२ मिलिमीटर व्यासाची लागते. स्पिंडलमध्ये जो काही बारीक दोष असेल, तो याच मशीनवर कापलेल्या पायरीत जमेला धरला जातो. शेवटचे कट अगदी हलके घ्यायचे आणि दर कटानंतर चक लावून पाहायचा. नीट जमलं की तो स्टीलच्या डब्याच्या झाकणासारखा आतली हवा दाबत बसतो. चक पायरीच्या माथ्यावर टेकता कामा नये, टेकायला हवी ती त्याची बाहेरची कडा. निळा रंग (ब्ल्यू) लावून तो कुठे उमटतो ते पाहिलं की हे तपासता येतं. बोल्टची भोकं किंचित मोठी ठेवायची, कारण चकची जागा पायरीने ठरवायची, बोल्टने नाही.

इथे टर्नरांमध्ये दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, पायरी घट्टच हवी, चक काढला-घातला तरी जागा बदलत नाही. दुसरा ती दशांश मिलिमीटर सैल ठेवतो. डायल इंडिकेटर लावून, लाकडी हातोडीने हळूच ठोकत चक मध्यावर आणतो, मग बोल्ट आवळतो. नव्या चकला पहिली रीत सोयीची. जुन्या, झिजलेल्या चकला दुसरी, कारण त्याची तबकडी ज्या जागी झिजली आहे तिथे जॉबही डुलतो. एका व्यासाला नीट धरलेला चक दुसऱ्या व्यासाला चुकतो, म्हणून नेहमी जे काम येतं त्याच मापाचा ग्राइंड केलेला तुकडा धरून डायल बघायची. तीन जॉच्या चकमध्ये पाच-सात शतांश मिलिमीटरचा फरक सहज सापडतो. त्याहून बारीक काम असेल तर चार जॉचा चक घ्यावा.

रायपूरमध्ये एक शत्रू जास्तीचा आहे, धूळ. स्पंज आयर्नच्या कारखान्यांची काळी धूळ गच्चीवर बसते तशी स्पिंडलच्या तोंडावरही बसते. ०.०२ मिलिमीटरचा एक कण प्लेट आणि चक यांच्या मध्ये, कडेला अडकला, तर चकपासून १०० मिलिमीटर पुढे डायल जवळपास ०.०४ मिलिमीटर हलते. दीड दिवस खपून कापलेली पायरी एका कणापुढे हरते. म्हणून चढवण्याआधी आटे ब्रशने साफ करायचे, तोंड चिंधीने पुसायचं आणि शेवटी कोरडं बोट फिरवायचं. डोळ्याला न दिसणारा कण बोटाला लागतो. तेलही बेताचंच लावायचं; जाड ग्रीसमध्ये धातूचा कीस अडकून राहतो.

बाकीचे नियम सुरक्षेचे. चक चढवताना बेडवर लाकडी फळी हवीच. चक सटकला तर फळीवर पडतो, बेडवर नाही आणि बोटांवरही नाही. आट्यांचा चक मशीन चालू करून कधी चढवायचा नाही, हाताने फिरवायचा. असा चक कापताना आणखी घट्ट होतो, पण उलट्या दिशेने एकदम चालवला किंवा वेगात असताना जोराचा ब्रेक लावला तर सुटून येऊ शकतो. आणि चावी चकमध्ये ठेवून मशीन सुरू करायची नाही. देशात १९५० पासून चालणाऱ्या आयटीआयच्या दोन वर्षांच्या टर्नर ट्रेडमध्ये मुलांना हे सगळं शिकवतात.

घाई असेल तर आडवाटाही आहेत. छोट्या चकच्या मागे गोल दांडा बसवून तो मोठ्या चकमध्ये धरता येतो, पण मग दोन चकचा दोष एकत्र होतो आणि सगळं खूप पुढे लोंबतं. मोर्स टेपरचा आर्बर स्पिंडलच्या आत बसवता येतो. पण बाजूच्या दाबाने टेपर सुटू नये म्हणून मागून ड्रॉबारने ओढून ठेवावा लागतो आणि त्यामुळे लांब सळई स्पिंडलमधून घालता येत नाही. एका पिनेसाठी हे चालतं, रोजच्या कामाला प्लेटच हवी.

जुना लेथ विकत घेणाऱ्याने म्हणूनच मशीनची घरघर ऐकण्याबरोबर कोपऱ्यातलं सामानही पाहावं. झिजलेला चक बदलता येतो, नवा दुकानात आहे. पण त्या स्पिंडलवर कापलेल्या बॅक प्लेट दुसऱ्या कुणाच्या उपयोगाच्या नाहीत. मालकाने त्या भंगारात घातल्या असतील, तर किमतीतून तेवढी मजुरी वजा करून मगच बोलणी करावीत.