दातांवरची झीज कशी वाचावी?

जुना लेथ घेताना चक हाताने हलवून ‘प्ले’ पाहिला की अनेक जण निकाल देऊन मोकळे होतात. ते घाईचं आहे. गिअरमध्ये थोडी फट मुळातच ठेवलेली असते, शिवाय बेअरिंग सैल झालं तरी प्ले वाढतो. हेडस्टॉकचं झाकण उघडा आणि दातांच्या बाजू नीट पुसून पाहा. भिडणारे दात पिच वर्तुळापाशी एकमेकांवर नुसते लोळतात, त्याच्या वर-खाली मात्र घासतात. म्हणून झिजलेल्या दातावर पिच रेषेजवळ बारीक उंचवटा उरतो. तो नखाला लागला, तर झीज बरीच झाली आहे. त्या रेषेच्या किंचित खाली दिसणारे खड्डे धातू थकल्याचे. ते पसरत असतील तर गिअर बदलावाच. दातांच्या कडेच्या कपच्या उडाल्या असतील, तर बहुधा फिरत्या मशीनवर गिअर टाकले गेले आहेत.

मोजायचंच असेल तर डिस्क मायक्रोमीटर घ्या. २ मॉड्यूल, ४० सरळ दात, २० अंश दाबकोन असलेल्या प्रमाणित गिअरचं ५ दातांवरचं सैद्धांतिक माप २७.६९ मिमी. फटीसाठी नवा गिअरही याहून किंचित कमी भरतो.