चाकाचा मध्य कोणी धरायचा?

मोटारीच्या चाकाला मधोमध एक मोठे भोक असते, हे तुम्ही कधी पाहिले आहे का? नसेल पाहिले तर दोष तुमचा नाही. गाडीवर असताना ते बहुधा टोपणाखाली झाकलेले असते. पंक्चरच्या दुकानात चाक उतरवून जमिनीवर आडवे टाकले, की ते दिसते. या भोकात बसणाऱ्या एका साध्या कड्यावरून मोटारवाल्यांत मोठे वाद होतात. कोणी म्हणतो कड्यावाचून चालणार नाही, कोणी म्हणतो हा नुसता पैसे काढण्याचा धंदा. खरे काय, ते आपण पाहू.

लातूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवणारे आमचे एक स्नेही आहेत. त्यांनी आपल्या लहान मोटारीची मूळची पत्र्याची चाके काढून ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूची, म्हणजे सगळे ज्यांना ‘अलॉय’ म्हणतात ती, चाके बसवली. गावात गाडी छान चाले. पुढे एका लग्नासाठी ते घरच्या मंडळींना घेऊन नांदेडला निघाले. चाकूर मागे पडले, मोकळा रस्ता मिळाला, काटा ताशी ८० किलोमीटरच्या पुढे सरकला आणि स्टिअरिंग हातात थरथरू लागले. ९० ला तर मागे बसलेल्यांनाही ते जाणवले. वेग ७० वर आणला की सारे शांत! अहमदपूर, माळेगाव, लोहा करीत त्यांनी गाडी सत्तरच्या आतच ठेवून नांदेड गाठले.

नांदेडला त्यांनी चाकांचे बॅलन्सिंग करून घेतले. यंत्राने चारही चाकांना शून्य दाखवले, म्हणजे चाक निर्दोष. परतीच्या वाटेवर मात्र तीच थरथर! लातूरला आणखी दोनदा बॅलन्सिंग झाले, जुनी वजने काढून नवी चिकटवली, पैसे गेले. यंत्र दर वेळी शून्यच दाखवी. शेवटी एका वयस्कर मिस्त्रीने नवे चाक उतरवले, मधल्या भोकात बोट फिरवले आणि म्हटले, “गुरुजी, मशिनीवर चाक बरोबरच हाय. गाडीवर ते मधात बसत नाही.”

या एका वाक्यात सगळे भौतिकशास्त्र आहे. बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाक कसे धरतात, ते पुढच्या वेळी नीट पाहा. यंत्राच्या दांड्यावर एक शंकू असतो. तो चाकाच्या मधल्या भोकात शिरतो आणि चाक बरोबर त्या भोकाच्या मध्याभोवती फिरते. गाडीवर मात्र चाक चार किंवा पाच नटांनी आवळलेले असते. यंत्राने ज्या बिंदूभोवती तोल साधून दिला, त्याच बिंदूभोवती चाक गाडीवर फिरत असेल, तरच त्या शून्याला अर्थ. दोन मध्य वेगळे पडले तर यंत्रही खरे आणि थरथरही खरी!

आता मूळच्या चाकात हा घोटाळा का नसतो? आसाच्या टोकाला जी लोखंडी थाळी फिरते तिला हब म्हणतात. तिच्या मध्यावर एक गोल उंचवटा असतो. कारखान्यातून येणाऱ्या चाकाचे मधले भोक या उंचवट्यावर नेमके बसेल अशाच मापाचे कापलेले असते. चाक त्यावर चढवले, की मध्य आपोआप जुळतो. मारुती सुझुकीच्या स्विफ्टच्या हबाचा हा व्यास ५४.१ मिलिमीटर आहे, होंडा सिटीचा ५६.१, तर टोयोटा इनोव्हाचा ६०.१.

बाजारात चाके करून विकणाऱ्याला प्रत्येक गाडीसाठी वेगळे भोक पाडणे परवडत नाही. म्हणून तो भोक मुद्दामच मोठे ठेवतो. ७३.१ मि.मी. हे माप फार आढळते. असे चाक ५४.१ च्या हबावर चढवले, तर सभोवार (७३.१ – ५४.१) ÷ २, म्हणजे ९.५ मि.मी. मोकळी जागा राहते. मिस्त्री लोक आजही सुतात मोजतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मि.मी. तेव्हा ही फट झाली जवळजवळ तीन सूत. ती भरून काढणारे, आतून ५४.१ आणि बाहेरून ७३.१ मि.मी. व्यासाचे कडे, हेच आपले वादातले कडे.

चाक तीन सूत खाली घसरेल असे मात्र समजू नका. बोल्ट त्याला तेवढे घसरू देत नाहीत. बोल्ट १२ मि.मी. जाडीचा आणि त्याचे भोक त्याहून दीड-दोन मि.मी. मोठे, एवढीच काय ती मोकळीक. शिवाय बहुतेक नटांचे टोक शंकूच्या आकाराचे असते आणि चाकाच्या भोकाला तसाच उतार दिलेला असतो. नट आवळत गेला, की शंकू चाकाला मध्याकडे ढकलतो. नट स्वच्छ असतील, चाक जमिनीपासून उचललेले असेल आणि समोरासमोरचे नट आळीपाळीने थोडे थोडे आवळले, तर कडे नसतानाही चाक बरेचसे मध्यावर येते. ‘कडे नको’ म्हणणाऱ्यांचा मुद्दा हाच, आणि तो खोटा नाही. पण रस्त्याकडेला, घाईत, जॅक अर्धा उतरवून पहिलाच नट पूर्ण आवळला तर? चाक वजनाने खाली बसलेले असते आणि तो नट त्याला तिथेच जखडून टाकतो. मग अर्धा मिलिमीटर फरक सहज राहतो.

अर्धा मिलिमीटर म्हणजे पोस्टकार्डाच्या दोन-तीन जाडींएवढा. त्याने काय बिघडणार? गणित करून पाहू. समजा, टायरसह चाकाचे वस्तुमान १५ किलोग्रॅम आहे आणि त्रिज्या ०.३ मीटर. ताशी ९० कि.मी. म्हणजे सेकंदाला २५ मीटर. तेव्हा कोनीय वेग २५ ÷ ०.३, म्हणजे सुमारे ८३ रेडियन प्रति सेकंद. चाक सेकंदाला तेरा फेऱ्यांहून थोडे अधिक फिरते. गुरुत्वमध्य आसापासून ०.०००५ मीटर सरकलेला असेल तर केंद्रोत्सारी बल = १५ × ०.०००५ × ८३ × ८३, म्हणजे सुमारे ५२ न्यूटन. पाच किलोहून अधिक वजनाएवढा हा ओढा सेकंदात तेरा वेळा वर, पुढे, खाली, मागे असा फिरत राहतो. वेग निम्मा केला तर बल पाव होते, १३ न्यूटन. गावात थरथर का नव्हती, ते कळले ना?

पण एवढ्यावर भागत नाही. मध्य सरकला की टायर आसाच्या एका बाजूला अर्धा मि.मी. जास्त आणि दुसऱ्या बाजूला तेवढाच कमी पुढे येतो. हवा भरलेला टायर एक मिलिमीटर अधिक दाबायला साधारण २०० न्यूटन बल लागते. म्हणजे दर फेरीला रस्ता चाकाला १०० न्यूटनांनी कमी-जास्त ढकलतो. हे बल आधीच्या बलाच्या दुप्पट भरले, आणि कितीही वजने चिकटवली तरी ते जात नाही, कारण हा दोष वजनाचा नाही, जागेचा आहे.

मग ९० च्या सुमारासच एवढा कहर का? प्रत्येक टांगलेल्या किंवा स्प्रिंगवर बसलेल्या वस्तूची स्वतःची एक वारंवारता असते. झोक्याला त्याच्या लयीत हलके ढकलले तरी तो उंच जातो, तसेच हे. टायर आणि स्प्रिंग यांच्यामध्ये अडकलेले चाक सेकंदाला साधारण १० ते १५ वेळा हलू पाहते. ९० च्या वेगाला चाकाच्या फेऱ्याही तेवढ्याच होतात. दोन्ही लयी जुळल्या की अनुस्पंदन होते आणि लहान धक्क्याचे मोठे कंप बनतात.

हे घरी करून पाहता येईल. सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करा. मागच्या चाकाच्या कडेजवळ, आऱ्यांना एक जड नट दोऱ्याने घट्ट बांधा आणि पायडल हाताने हळूहळू वेग वाढवत फिरवा. एका विशिष्ट वेगाला सायकल जागच्या जागी नाचू लागेल. बोटे आऱ्यांपासून दूर ठेवा, आणि नट सुटून उडाला तर लागेल अशा रेषेत कोणी उभे राहू नये.

येथे बैलगाडीची आठवण होते. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला पूर्वी गावोगावच्या बैलगाड्या लोटत. त्या चाकाचा तुंबा आसावर सैल बसलेला असतो, बाहेरून खीळ आणि आत वंगण. चालताना चाक चांगले डुलते, आवाजही करते, पण कंप कुठे जाणवतो? बैल ताशी चार किलोमीटर चालतो. वेग बाविसाव्या भागाएवढा झाला, तर तेवढ्याच त्रिज्येच्या चाकात बल सुमारे पाचशेव्या भागावर येते. गाडीचे चाक तर मोटारीच्या चाकाहून कितीतरी मोठे असते. सुताराला अर्ध्या मिलिमीटरची चिंता करण्याचे कारणच नव्हते.

आता वादातला दुसरा प्रश्न. हे कडे गाडीचे वजन पेलते का? पुष्कळांना तसे वाटते आणि म्हणून प्लॅस्टिकचे कडे पाहून ते घाबरतात. पण १२ मि.मी.चा एक नट नीट आवळला की तो चाकाला हबावर तीन-चार टन वजनाएवढ्या बलाने दाबून धरतो. चार नटांचे मिळून बारा टन धरले आणि घर्षणाचा गुणांक ०.१५ घेतला, तरी चाक हबावर घसरायला १.८ टन वजनाएवढे बल लागेल. लहान मोटारीच्या एका चाकावर भार येतो तीनशे किलोच्या आसपास. तेव्हा भार घर्षण पेलते. कड्याचे काम नट आवळेपर्यंतच, चाक मध्यावर धरून ठेवण्याचे.

रेल्वेत याच्या अगदी उलट. लातूरजवळ हरंगुळला रेल्वेच्या डब्यांचा कारखाना आहे. त्यातून डब्याचा पहिला सांगाडा २५ डिसेंबर २०२० रोजी बाहेर पडला. रेल्वेच्या चाकाला नट-बोल्ट नसतातच. चाकाचे भोक आसापेक्षा किंचित लहान ठेवून ते प्रचंड दाबाने आसावर चढवतात. तिथे मध्य जुळवणे आणि भार पेलणे ही दोन्ही कामे ते एक भोकच करते.

तर मग निवाडा काय? चाकाचे भोक हबाच्या मापाचेच असेल, तर कड्याचा प्रश्नच नाही. भोक मोठे आणि नट शंकूचे असतील, तर कड्यावाचून चालू शकते, पण ते आवळणाऱ्याच्या हातावर अवलंबून. माझ्या मते थोडक्या पैशांत ही धास्ती टळत असेल तर कडे घालावे. आणि नटांची बैठक सपाट असेल, तर मध्याकडे ढकलणारे दुसरे काहीच नसते. तिथे कडे हवेच.

कडे सर्व रोगांवर औषध नव्हे. खड्ड्यात आपटून वाकलेली रिम त्याने सरळ होत नाही. बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास चुकलेला असेल, म्हणजे १०० मि.मी.च्या हबावर ९८ चे चाक ठोकून बसवले असेल, तर ते धोक्याचेच. नट तिरके बसतात आणि सैल होतात. (इनोव्हाच्या हबावरचा ११४.३ हा विचित्र आकडा इंचांत करून पाहा, म्हणजे गंमत कळेल.) प्लॅस्टिकचे कडे ब्रेकच्या उष्णतेने मऊ पडू शकते, ॲल्युमिनिअमचे हबावर गंजून चिकटू शकते. नवी चाके बसवल्यावर शंभर किलोमीटरच्या आत नट पुन्हा एकदा पान्याने तपासावेत, हेही विसरू नये.

गुरुजींनी लेथवाल्याकडून ॲल्युमिनिअमची चार कडी कातून घेतली. पहिले कडे आतून जरा लहान झाले, हबावर चढेना, म्हणून त्याने पाचवे करून दिले. पुढच्या नांदेडच्या खेपेला काटा ९० वर असताना स्टिअरिंग स्थिर होते. फसलेले कडे हल्ली शाळेच्या प्रयोगशाळेत असते. व्हर्नियर कॅलिपर शिकवताना गुरुजी ते मुलांच्या हातात देतात आणि हे हबावर का चढले नाही, असे विचारतात. बाहेरचा व्यास सगळ्यांचा ७३.१ येतो. आतला कोणाचा ५३.९, कोणाचा ५४.०, आणि मग वर्गात भांडण सुरू होते.