झोका आणि झुलता पूल

पुलावरून जाताना सैनिकांची तुकडी पावले मोडून चालते, हे आपण सारे शाळेत शिकलो आहोत. कवायतीच्या पावलांचा ठेका आणि पुलाची स्वतःची डुलण्याची लय जुळली, की हेलकावे वाढत जातात. याला अनुनाद म्हणतात. इंग्लंडात ब्रॉटन येथे १८३१ साली असा एक झुलता पूल सैनिकांच्या पावलांखाली कोसळला, आणि ब्रिटिश लष्करात पावले मोडण्याचा हुकूम निघाला.

भौतिकशास्त्राच्या अनेक पुस्तकांत याच धड्यात अमेरिकेतल्या टॅकोमा नॅरोज पुलाचे छायाचित्र असते आणि खाली ओळ असते, ‘अनुनादाचे उदाहरण’. माझे भांडण आहे ते या ओळीशी.

झोपाळ्यावरच्या मुलाला आपण मागून नेमक्या वेळी धक्का देतो, तो अनुनाद. धक्का बाहेरचा, ठेकाही बाहेरचा. पण नागपंचमीच्या झोक्यावर उभ्या राहिलेल्या मुली गुडघे वाकवून, ताठ करून स्वतःच झोका चढवतात. मागे कुणी ढकलणारे नसते. उदाहरण काटेकोर नाही, पण टॅकोमाचे दुखणे या दुसऱ्या जातीच्या जवळचे होते.

हा पूल १ जुलै १९४० रोजी खुला झाला. मधला गाळा ८५३ मीटरचा, आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना भरीव पोलादी तुळया, उंची जेमतेम २.४ मीटर. दिसायला देखणा, पण पट्टीसारखा लवचिक! पहिल्यापासूनच तो वर-खाली हलत असे. लोक हौसेने ती गंमत अनुभवायला येत. ७ नोव्हेंबरला ताशी सुमारे ६४ किलोमीटरचा वारा होता. याहून कितीतरी जोराचा वारा सोसेल असा हिशेब कागदावर होता. सकाळी दहाच्या सुमारास मधला एक केबलपट्टा सरकला आणि पूल पिळवटू लागला. तासाभरात तो पाण्यात गेला. माणसे वाचली, मोटारीत अडकलेला एक कुत्रा तेवढा गेला.

वारा काही ठेका धरून वाहत नव्हता. त्या वेगाला पुलामागे भोवरे सुटायचे ते साधारण सेकंदाला एक. पूल पिळवटत होता पाच सेकंदांत एकदा. लय जुळतच नव्हती. पूल कलला, की वाऱ्याचा दाब बदले आणि तो दाब पिळाला आणखी बळ देई. बिल्ला आणि स्कॅनलन यांनी १९९१ साली हे नीट मांडले.

हा भेद शब्दांचा कीस नव्हे. निदान चुकले तर औषध चुकते. १९५० साली तिथे उभारलेल्या पुलाला १० मीटर उंचीच्या जाळीदार कैच्या दिल्या आणि रस्त्यातही वाऱ्याला वाट ठेवली.

तरीही लंडनचा मिलेनियम पूल १० जून २००० रोजी खुला झाला आणि दोनच दिवसांत बंद करावा लागला. तिथे ना वारा, ना कवायत. पूल जरासा आडवा हलला, की चालणारी माणसे तोल सावरायला पाय फाकवून टाकीत आणि तीच पावले पुलाला आणखी हलवीत. इंजिनियरांनी स्कूटरच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या जातीचे ३७ आणि स्प्रिंगांवर वजन ठेवलेले ५२ डॅम्पर बसवले. जानेवारी २००२ मध्ये सुमारे दोन हजार माणसे त्यावरून चालवून पाहिली. पूल स्थिर राहिला, फेब्रुवारीत पुन्हा खुला झाला. लंडनकर मात्र अजून त्याला ‘डळमळता पूल’च म्हणतात.