नापास नेमकं कोण?

मराठीतला ‘नापास’ हा शब्द मला नेहमी गमतीचा वाटत आला आहे. त्यातला ‘ना’ फारसीतून आला. नाराज, नापसंत, नालायक या शब्दांत तो आपल्याला भेटतो. ‘पास’ आला इंग्रजीतून, शाळाखात्याबरोबर. हिंदी-उर्दू बोलणारे ‘फेल’ म्हणतात. आमच्या घरात दखनी बोलतात, पण निकालाच्या दिवशी मोहल्ल्यात ऐकू यायचा तो मराठी शाळेतला ‘नापास’च. शब्द गमतीचा खरा, पण तो ज्या घरात शिरतो तिथं गंमत राहत नाही.

हा शब्द प्राथमिक शाळेच्या दारात पुन्हा आला तो २०२३ साली. महाराष्ट्र शासनाने नियम बदलले आणि २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा पुन्हा पास-नापासाची झाली. मी शिक्षक नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण आमच्या सोलापुरात, आमच्या गल्लीत कुणाचा अर्ज लिहायचा असला, शाळेतून आलेला कागद वाचून दाखवायचा असला, की लोक माझ्याकडे येतात. तेव्हापासून एक प्रश्न मी बऱ्याच आयांच्या तोंडून ऐकला आहे. “चाचा, आमच्या पोराला वर्गात बसवून ठेवणार का?” त्यांना उत्तर द्यायचं म्हणून मी कायदा वाचला. त्यातून जे समजलं ते आज तुम्हाला सांगतो.

शिक्षण हक्क कायदा संसदेनं २००९ साली केला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण, हा त्याचा गाभा. त्याच्या कलम १६ मध्ये म्हटलं होतं, की आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला मागच्या वर्गात ठेवता येणार नाही आणि शाळेतून काढता येणार नाही. लोकांनी याचा अर्थ लावला, ‘आता परीक्षाच नाहीत’. कुणी त्याला ढकलगाडी म्हणालं, कुणी ढकलपास.

हे कलम का आलं हे समजून घ्यायचं तर त्याआधी नापास होण्यानं काय व्हायचं ते आठवायला हवं. माझ्या शाळेच्या दिवसांत, म्हणजे १९८०च्या आसपास, आमच्या गल्लीत पाचवी-सातवीत नापास झालेला मुलगा जूनमध्ये पुन्हा त्याच वर्गात बसलेला क्वचितच दिसायचा. तो दिसायचा यंत्रमागाच्या कारखान्यात, कांड्या भरताना. मुलगी असेल तर आईशेजारी मांडीवर सूप घेऊन विड्या वळताना. त्यांना शाळेतून कुणी काढलेलं नसायचं. निकालाच्या कागदानं फक्त घराला कारण दिलेलं असायचं. “याच्या नशिबात शिक्षण नाही,” असं बाप म्हणायचा आणि त्यात दुष्टपणा नसायचा. आणखी एक वर्ष म्हणजे आणखी एक जोडी कपडे, आणखी वह्या आणि हातात येऊ शकणारी मजुरी वर्षभर लांबणीवर, हा त्याचा हिशेब असायचा. त्याच वर्गात नापास झालेला व्यापाऱ्याचा मुलगा मात्र शिकवणी लावून पुढच्या वर्षी पास व्हायचा. परीक्षा एकच, पण ती दोन घरांत दोन वेगळे निकाल लावायची. गरिबाच्या घरात नापास होणं म्हणजे शाळा सुटणं. ते थांबवायला कायदा आला होता.

पण कायद्यानं मूल्यमापन थांबवलं नव्हतं. उलट, वर्षाअखेरच्या एका परीक्षेऐवजी वर्षभर मुलाकडे पाहत राहा, असं सांगितलं होतं. कलम २९ मधले शब्द आहेत सर्वंकष आणि सातत्यपूर्ण मूल्यमापन. महाराष्ट्रानं २०१० सालापासून ही पद्धत आणली. रोजच्या तोंडी कामावरून, प्रकल्पावरून, छोट्या चाचणीवरून करायचं ते आकारिक मूल्यमापन. सत्राच्या शेवटी करायचं ते संकलित. गुणांऐवजी श्रेणी आल्या. आणि तळाच्या श्रेणीत राहिलेल्या मुलाला जादा शिकवून वर आणायचं, हेही त्यात होतं. म्हणजे सौद्याला दोन बाजू होत्या. मुलाला मागे ठेवायचं नाही ही एक, आणि मागे पडलेल्याला शिकवून पुढे आणायचं ही दुसरी.

पहिली बाजू एका आदेशानं अमलात आली. दुसरीसाठी माणसं लागतात. कायद्याच्याच परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुलं असतील तर शिक्षक दोन. दोन शिक्षक आणि पाच वर्ग. त्यातल्या एकाला निवडणुकीच्या किंवा जनगणनेच्या कामाला बोलावलं तर तेही कायद्यात बसतं. उरलेल्यानं पाच वर्ग सांभाळायचे आणि प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहायच्या. ‘वाचनात रस घेतो’, ‘गणिती क्रिया करताना गोंधळतो’. अशा वेळी नोंदी पूर्ण होतात आणि गोंधळणारा मुलगा गोंधळलेलाच राहतो. ‘प्रथम’ संस्थेचे ‘असर’ अहवाल वर्षानुवर्षं सांगत आले, की ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी साधारण निम्म्यांनाच दुसरीचा धडा वाचता येतो. अशी मुलं आठवीपर्यंत सरळ जायची आणि नववीत, जिथं कायद्याचं संरक्षण संपतं, तिथं एकदम कोसळायची. घरच्यांना धक्का बसायचा, की आठ वर्षं पास होणारं पोर एकाएकी कसं बिघडलं? शिक्षक म्हणायचे, परीक्षेची भीती गेली म्हणून. पालकही तेच म्हणू लागले.

मग २०१९ मध्ये संसदेनं कलम १६ बदललं. पाचवी आणि आठवीला वर्षाअखेर परीक्षा घ्यायची, पण नापास मुलाला मागे ठेवायचं की नाही हे सरकारनं ठरवायचं. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये ‘ठेवायचं’ असं ठरवलं. केंद्रानं आपल्या शाळांसाठी डिसेंबर २०२४ मध्ये तसाच नियम केला. तमिळनाडूनं मात्र आम्ही जुनंच धोरण चालू ठेवू, असं तेव्हा जाहीर केलं. म्हणजे त्याच वयाच्या, तेवढंच येणाऱ्या मुलाचं काय होणार हे तो कुठल्या राज्यात जन्मला यावरही ठरतं.

नवी व्यवस्था नीट ऐका. ही बोर्डाची परीक्षा नाही. आठवीपर्यंत बोर्डाची परीक्षा लादायची नाही हे कलम ३० आजही कायम आहे. मूल नापास झालं तर त्याला लगेच मागे ठेवता येत नाही. आधी त्याला जादा शिकवायचं आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा घ्यायची. तिथंही नापास झालं तरच ते त्या वर्गात राहतं. आणि काहीही झालं तरी आठवी पूर्ण होईपर्यंत त्याला शाळेतून काढता येत नाही. एखादी शाळा ‘दाखला घेऊन जा’ म्हणाली तर ते बेकायदा आहे.

आता या दोन महिन्यांकडे पाहू, कारण सगळं त्यांच्यावर अवलंबून आहे. आपल्याकडे निकाल लागतो १ मेच्या सुमारास आणि शाळा उघडते जूनच्या मध्यावर. म्हणजे जादा शिकवणीचा बहुतेक काळ पडतो उन्हाळ्याच्या सुट्टीत. शिक्षक गावी गेलेले, पोरं मामाकडे नाहीतर कामावर, आणि सोलापुरात ऊन असं की दुपारी पत्र्याच्या खोलीत बसवत नाही. वर्षभरात जे झालं नाही ते या दिवसांत कसं व्हायचं?

ऊसतोड मजुरांच्या मुलांचं तर आणखी अवघड. बीडपासून आमच्या जिल्ह्यापर्यंत हजारो कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे कोयते घेऊन निघतात आणि हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात. गावात हंगामी वसतिगृह नीट चाललं आणि मूल आजीजवळ राहिलं तर ठीक. नाहीतर शाळेचं दुसरं सत्र फडावर जातं आणि परतल्यावर समोर परीक्षा उभी. अशा मुलाला नापास ठरवताना आपण नक्की कशाची परीक्षा घेतली?

एक गोष्ट मला खटकते. विद्यापीठात विद्यार्थ्याचा एखाददुसरा विषय राहिला तर त्याला ए.टी.के.टी. मिळते. म्हणजे पुढच्या वर्गात जा, राहिलेला विषय मागाहून सोडव. मी बी.ए.ला असताना असे कितीतरी मित्र पुढं गेले, पदवीधर झाले, आज चांगल्या नोकऱ्यांत आहेत. वीस वर्षांच्या तरुणाला जी सवलत आपण देतो, ती दहा वर्षांच्या मुलाला देताना मात्र आपल्याला शिस्त आठवते.

परीक्षेला माझा विरोध नाही. मुलाला काय येतं हे कळायलाच हवं, आणि ते लपवून त्याला आठवीपर्यंत नेणं हीही एक फसवणूकच होती. पण परीक्षा म्हणजे ताप मोजायची नळी. नळी बदलून ताप उतरत नाही. मुलाला न शिकवता पुढं ढकललं काय आणि न शिकवता मागं ठेवलं काय, त्याच्या पदरात सारखंच पडतं. मागं ठेवलेल्याच्या पदरात वर कमीपणा पडतो, एवढंच.

म्हणून माझं पालकांना सांगणं आहे, की मेची वाट पाहू नका. दिवाळीच्या सुट्टीत मुलाला त्याच्याच पुस्तकातला धडा वाचायला लावा, हातच्याची वजाबाकी करायला सांगा. तुम्हाला वाचता येत नसेल तर शेजारच्या शिकलेल्या पोराला बोलवा. अडतंय असं दिसलं तर तेव्हाच शाळेत जा आणि गुरुजींना, बाईंना विचारा, की याला जादा कधी शिकवणार? भांडू नका, त्यांचेही हात बांधलेले असतात. पण विचारा. कायद्यानं अनुदानित आणि सरकारी शाळांत शाळा व्यवस्थापन समिती ठेवली आहे, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा बायकांच्या असतात. त्या बैठकीत नुसता अंगठा किंवा सही देऊन उठू नका. किती मुलं मागे आहेत, त्यांना कोण शिकवतंय, गावाबाहेर गेलेली किती आहेत, हे तीन प्रश्न टाका आणि उत्तरं वहीत लिहून घ्यायला सांगा.

दहा वर्षांच्या मुलाला हे प्रश्न विचारता येत नाहीत. निकालाच्या कागदावर मात्र नाव एकट्या त्याचंच असतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)