शाराकूने पाहिलेला नट

दोन्ही हातांची बोटं फाकलेली, हनुवटी पुढे काढलेली, ओठ घट्ट मिटून खाली ओढलेले, बुबुळं नाकाकडे वळलेली. काळसर, चकाकत्या पार्श्वभूमीवर हा माणूस आता झडप घालणार, हे बघताक्षणी कळतं. काबुकी या जपानी नाट्यप्रकारातला नट ओतानी ओनिजी तिसरा याचं हे चित्र १७९४ मधलं. भूमिका एदोबेईची, म्हणजे दुसऱ्याकडचे पैसे लुटायला निघालेल्या गुंडाची. नाटक एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, कावाराझाकी-झा नाट्यगृहात झालं. चित्रकार तोशूसाई शाराकू.

काबुकीत प्रसंग टिपेला पोचला की नट एका आवेशात थिजतो. लाकडी ठोकळे फळीवर आपटले जातात, नट मान झटकून डोळे तिरळे करतो आणि प्रेक्षकांतून त्याच्या घराण्याच्या नावाचा पुकारा होतो. या थबकण्याला ‘मिए’ म्हणतात. नाटकच असं क्षणभर चित्र होत असल्यामुळे नटांची चित्रं काढणाऱ्यांना विषय आयताच मिळाला. एदोमध्ये अशा छापील चित्रांचा मोठा बाजार होता. लाडक्या नटाचं ताज्या भूमिकेतलं चित्र सामान्य माणूसही विकत घेऊ शकत असे.

चित्रावर सही चित्रकाराची असली, तरी काम चौघांचं असे. प्रकाशक पैसा घाली, चित्रकार रेखाटन करी. कोरक्या ते पातळ कागदावरचं रेखाटन चेरीच्या फळीवर उलटं चिकटवून रेषांभोवतीचं लाकूड काढून टाकी. प्रत्येक रंगाला साधारणपणे वेगळा ठसा लागे. छापणारा ओल्या कागदाची पाठ घोटून एकेक रंग उतरवी. रंग एकमेकांवर नेमके बसावेत म्हणून फळीच्या कडेला खुणेच्या खाचा कोरलेल्या असत. शाराकूचा प्रकाशक त्सुताया जूझाबुरो याने पार्श्वभूमीसाठी अभ्रकाची पूड वापरली. ती चमक तिचीच.

इतर चित्रकार नट देखणा दाखवत. शाराकूने भूमिकेच्या आतला माणूसही दाखवला. १६२९ मध्ये स्त्रियांना रंगमंचावर बंदी झाल्यापासून काबुकीतल्या स्त्रीभूमिका पुरुषच करत. सेगावा तोमिसाबुरो दुसरा याला शाराकूने स्त्रीवेशात रंगवलं, तेव्हा केशरचना आणि किमोनोच्या नजाकतीआडून पुरुषी जबडा स्पष्ट दिसू दिला. त्यात कुचेष्टा नाही. समोरचा देह आणि त्याने उभं केलेलं पात्र ही दोन्ही एकाच चेहऱ्यात दिसावीत, हा ध्यास आहे. अभिनय म्हणजे काय, याचं इतकं नेमकं उत्तर मी दुसऱ्या चित्रात पाहिलेलं नाही.

एदोला मात्र ते पचलं नसावं. शाराकू जेमतेम दहा महिने चित्रं काढत होता. तेवढ्यात १४० हून अधिक चित्रं करून १७९५ च्या सुरुवातीला तो दिसेनासा झाला. नटांना हुबेहूब उतरवण्याच्या हट्टापायी त्याने नको तेही दाखवलं, म्हणून तो टिकला नाही, अशा अर्थाची नोंद ओता नान्पो या लेखकाने केली आहे. शाराकू बहुधा साइतो जूरोबेई नावाचा नो-नाट्याचा नट होता, असं आज बरेच अभ्यासक मानतात. तसं असेल, तर नटांना इतकं आतून ओळखणारी नजर कुठून आली, याचा उलगडा होतो.

ओनिजीने १७९४ च्या अखेरीस नाकामुरा नाकाझो हे नाव घेतलं आणि १७९६ मध्ये तो वारला. तरी जग त्याला ओनिजी म्हणूनच ओळखतं, कारण त्याची एक भूमिका शाराकूने निरखून पाहिली होती.